झडीत तबला उतरतो तेव्हा

प्रश्न : आठवडाभर झड लागलीय. शनिवारी घरी मित्रांची बैठक ठरलीय, पण तबला सारखा उतरतोय. काय करावं? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : पर्जन्यछायेतल्या सोलापुरात आठवडाभर झड लागलीय, आणि तुम्ही तक्रार करताय! असो. पुडी, म्हणजे तबल्याच्या तोंडावरचं आवरण, कातड्याची, दमट हवेत ओल धरून सैल पडते आणि सूर खाली येतो. आधी वादीखालचे, म्हणजे पुडी ताणणाऱ्या चामडी पट्टीखालचे, लाकडी गठ्ठे हातोडीनं खाली सरकवा, मग गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या वेणीवर, हलके ठोके देत वाद्यांमधली सोळाही घरं एका सुरात जुळवा. मधल्या काळ्या शाईवर ठोका नको. शेगडीवर तर मुळीच शेकू नका. मी शेकला होता, शाईला तडे गेले.

परवा आमच्याकडेही हेच. चौघे भिजून आले, पेटी मात्र प्लास्टिकमध्ये कोरडी. काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराचा तबला, अर्ध्या सुरानं खालच्या पांढरी एकच्या वर चढेना. पेटीचे सूर काही हलत नाहीत, म्हणून गाणाऱ्यानंच पट्टी उतरवली. खरं सांगू? खर्जात त्याचा आवाज जास्त खुलला. मध्येच वीज गेली, तरी कुणी थांबलं नाही. नंतर कडक भाकरी, शेंगाचटणी, दही.

वाजवून झालं की तबला चादरीत गुंडाळून ठेवा. सोलापुरात चादरींना काय तोटा?

बैठक किती वाजता, ते कळवलं नाहीत.