शेवाळातला सॅलमँडर श्वास कुठून घेतो?

प्रश्न: मॉस सॅलमँडर नावाचा प्राणी (दिसायला सरड्यासारखा, पण बेडकाच्या गोत्यातला) झाडावरच्या शेवाळात राहतो, पाण्यात उतरतच नाही आणि त्याला फुफ्फुसंही नसतात असं वाचलं. मग तो श्वास कसा घेतो आणि पिल्लं कुठं होतात? काचेच्या पेटीत पाळता येईल का?

उत्तर: वाचलंत ते अगदी खरंय. नोटोट्रायटन म्हणतात यांना, मध्य अमेरिकेत ग्वाटेमालापासून कोस्टा रिकापर्यंतच्या डोंगरांवर असतात, अंगाने काडीसारखे बारीक आणि पाय इतके इवलेसे की पटकन बघितलं तर गांडूळच वाटेल. फुफ्फुसं नाहीतच, सगळा ऑक्सिजन ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून थेट रक्तात जातो. कातडी सुकली की श्वास बंद, म्हणून तर शेवाळ लागतं. तिथं पाऊस नसला तरी ढग झाडांमधूनच सरकत असतात आणि शेवाळ ते पाणी स्पंजसारखं धरून ठेवतं.

अंडीही त्याच शेवाळात. पाण्यात पोहणारी अवस्था नाहीच, अंड्यातून निघतो तो चार पायांचा तयार सॅलमँडर, फक्त छोटा.

मला मात्र सगळ्यात भारी वाटतो तो मेक्सिकोतला त्यांचा नातेवाईक थोरियस. काही जातींत पूर्ण वाढ झालेला प्राणीसुद्धा नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत 20 मिलिमीटरच्या आत!! आणि गंमत अशी की सॅलमँडरच्या पेशी मोठाल्या असतात, कारण एकेका पेशीत डीएनएच माणसाच्या कितीतरी पट भरलेला, म्हणजे त्या एवढ्याशा डोक्यात पेशी बसणार त्या थोड्याच, कवटीची काही हाडंही अर्धवटच राहतात, आणि तरी तेवढ्याशा मेंदूवर हा जीभ फेकून बारीकसा किडा बरोबर टिपतो. कितीही वेळा वाचलं तरी नवल वाटतंच.

पाळायचं म्हणाल तर प्लीज नको. यांना गारवा आणि सततची ओल लागते, आणि आपल्या कोरड्या गरम हातात धरलं तरी त्या नाजूक कातडीला त्रास होतो. शिवाय 1970 च्या सुमाराला मेक्सिकोतल्या ज्या डोंगरांवर थोरियस ढिगाने सापडायचे तिथं काही ठिकाणी आता शोधूनही मिळत नाहीत. जंगलतोड आहेच, कातडीवर वाढणाऱ्या कायट्रिड बुरशीवरही संशय आहे. कित्येकदा एखादी जात एकाच डोंगरापुरती असते, तिथून गेली की दुसरीकडे कुठं मिळायचीच नाही.