केस कोणाचे, हात कोणाचे

“केस तिचे, हात दुखतात माझे,” माझ्याकडे लेकीला घेऊन सल्ल्यासाठी आलेली आई खुर्चीत टेकता टेकताच म्हणाली. लेक 10 वर्षांची. 7व्या वर्षी हट्ट करून तिनं ड्रेडलॉक्स, म्हणजे जटांसारख्या घट्ट गुंफलेल्या बटा, करून घेतले आणि तेव्हापासून दर रविवारी घरात रडारड. धुणं, वाळवणं, मुळं सोडवणं, सगळं आईकडे. “आता तरी तिनं स्वतः करायला नको? नाहीतर सरळ कापून टाकते.” (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

लेक शेजारी बसून एक बट बोटाला गुंडाळत होती. तिला विचारलं, “केस धुताना तू आधी काय करतेस?”

“मान खाली घालते.”

“मग?”

“मग आई करते.”

3 वर्षं ती दर रविवारी डोळे मिटून बसली होती. शाम्पू कुठे लावतात हे तिनं पाहिलेलंच नव्हतं. एकदा हौसेनं तिनं स्वतः केस धुतले होते, पण ओलेच बांधून झोपली. दोन दिवसांनी कुबट वास यायला लागला, तेव्हा आई पाहुण्यांसमोर म्हणाली, “पोतेऱ्यासारखा वास मारतोय!” त्यानंतर लेकीनं केसांना हात लावणंच सोडलं. आईच्या भाषेत हा आळस होता. मला तसं वाटलं नाही.

तरी पहिल्या भेटीत मी चूकच केली. कामांचा तक्ता करून दिला, रोज बरोबरची खूण करायची. दोन आठवड्यांनी तक्ता कोरा, आणि आई त्याच्याकडे बोट दाखवून ओरडत होती. माझा तक्ता म्हणजे घरातली दुसरी आई झाला होता. तो फाडला.

दुसऱ्या भेटीत मी रडण्याबद्दल विचारलं. “नक्की कुठे दुखतं?” लेकीनं कानशिलावर बोट ठेवलं. तिथे बारीक पुळ्या होत्या. मुळाशी केस सुटे दिसले की आई दर आठवड्याला बटा पीळ देऊन घट्ट करायची. “लोक म्हणतात, आई लक्ष देत नाही,” हे आईनं खाली बघत सांगितलं. खरी काळजी ही होती. पण मुळाशी थोडे सुटे केस असणं हा ड्रेडलॉक्सचा स्वभावच आहे. पीळ 4 ते 6 आठवड्यांनी पुरतो. सतत ओढ बसली तर कानशिलाजवळचे केस विरळ होतात, आणि ओढ फार काळ राहिली तर ते परत येतीलच असं नाही. पीळ थांबवा आणि पुळ्या त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, एवढंच मी सांगितलं. निम्मी रडारड तिथेच संपली.

मग एकच काम पूर्णपणे लेकीकडे दिलं, वाळवण्याचं. मुद्दाम तेच, कारण घाव तिथे बसला होता. ड्रेडलॉक वरून कोरडा लागला तरी आत ओल राहते, वास तिथून येतो. म्हणून धुणं सकाळी. टॉवेलचे तंतू बटांत अडकतात, त्यापेक्षा जुना सुती टी-शर्ट बरा. चोळायचं नाही, वरून खाली एकेक बट दाबत यायची. शेवटी सगळ्यात जाड बट गालाला लावायची: गार लागली तर अजून ओली आहे. ही गालाची परीक्षा लेकीला फार आवडली. आईला अट घातली की लेकीनं बोलावल्याशिवाय तपासायचं नाही. आईला हे जास्त अवघड गेलं.

महिन्याभरानं धुणंही सोपवलं. टोकदार तोंडाच्या बाटलीत पाण्यात कालवलेला शाम्पू घ्यायचा आणि तो बटांवर नाही, टाळूवर लावायचा. नखं न लावता बोटांच्या पेरांनी चोळायचा. बट पिळल्यावर फेस येईनासा होईपर्यंत पाणी घालायचं. दाट कंडिशनर आणि मेण नकोच, ते आत साचून राहतं. धुतल्यावर शेजारच्या दोन बटा मुळाशी एकमेकींत गुंतल्या असतील तर हलकेच अलग करायच्या, नाहीतर त्यांची एकच होते. डोक्याचे 4 भाग 4 रंगांच्या रबरांनी बांधायची कल्पना लेकीची. मागचा भाग तिला दिसत नव्हता, तो तिनं स्वतःहून आईला दिला. सगळं स्वतः करणं म्हणजे मोठं होणं, असं मी तरी मानत नाही.

कापण्याबद्दल: धमकी म्हणून ते कधीच बोलू नये. एकदा शांतपणे विचारावं आणि उत्तर ऐकावं. या आईनं विचारलं. लेक म्हणाली, “आत्ता नको. वाटलं तर मी सांगेन.”

शेवटच्या भेटीत कळलं की एका रविवारी पुन्हा वास आला. लेकीनंच बट नाकाला लावली, तोंड वेडंवाकडं केलं आणि पुन्हा न्हाणीघरात गेली.

“आणि तुम्ही?” मी आईला विचारलं.

“मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. दोन्ही हात खिशात घालून.”