दोन इंची नळी, मॅग्नम काडतूस : वाचकांचे प्रश्न

आमची नौपाड्यात सराफी पेढी आहे. आत्मसंरक्षणासाठी शस्त्र परवाना मंजूर झाला आहे. साडूंचा आग्रह आहे की घ्यायचं तर दोन इंची नळीचं .३५७ मॅग्नम रिव्हॉल्वरच घ्या. ते आपल्याकडे चालतं का आणि मिळतं का? (नौपाडा, ठाणे)

चालतं. मिळायला मात्र नशीब आणि पैसा दोन्ही लागतं.

आधी कायद्याचं बघू. आपल्याकडे कुठलं हत्यार प्रतिबंधित, हे नुसत्या बोअरच्या (नळीच्या आतल्या मापाच्या) आकड्यावर ठरत नाही. त्यात कुठलं काडतूस बसून उडू शकतं यावर ठरतं. .३८० किंवा .४५५ ची रिमवाली (बुडाला बाहेर आलेली कड असलेली) काडतुसं, तसंच सैन्याची ९ मिमी किंवा .४५ ची काडतुसं ज्यात उडू शकतील, ती पिस्तुलं आणि रिव्हॉल्वरं सामान्य माणसाला बंद. .३८० च्या जुन्या ब्रिटिश काडतुसाची पुंगळी (दारू आणि गोळी धरणारं धातूचं नळकांडं) जाडीला ९.८ मिमी भरते आणि .३५७ ची ९.६ मिमी. म्हणून .३८० हे .३५७ च्या घरात, म्हणजे सिलिंडरमधल्या काडतुसाच्या भोकात, शिरतच नाही, आणि .३५७ सुटतं. बाजारात ‘अडतीस म्हणजे बंद’ एवढंच ऐकू येतं, त्यामुळे हा घोळ होतो. परवान्यावर बोअर लिहून घेताना आकडा नीट तपासा.

आता मिळण्याचं. खासगी माणसाला परदेशातून रिव्हॉल्वर आणणं ऐंशीच्या दशकापासून बंद आहे. म्हणजे देशात जी .३५७ आहेत ती बहुतेक त्याआधी आलेली, हातोहात फिरलेली. भाव लाखांत, आणि हत्यार निदान चाळीस वर्षांचं. शिवाय काडतुसं. .३२ ची काडतुसं खडकीच्या कारखान्यात बनतात आणि बहुतेक शस्त्रविक्रेत्यांकडे असतात. .३५७ साठी आयात मालाची वाट बघावी लागते. सरावाला काडतूस परवडत नसेल तर ते रिव्हॉल्वर कपाटातला दागिनाच, आणि दागिने तुमच्याकडे आधीच भरपूर असणार.

पेढीपुरतं आणखी एक. मॅग्नमची गोळी प्लायवूडचं पार्टिशन आणि काचेची शोकेस सहज पार करते. पार्टिशनमागे कारागीर बसत असतील तर हा विचार बोअर ठरवण्याआधीचा आहे.

धाकटा भाऊ ह्यूस्टनला असतो, स्टोअर रात्री उशिरा बंद करतो. त्याचा तिथला परवाना आहे. स्मिथ अँड वेसनचं ३४० पीडी घ्यावं की रुगरचं एसपी-१०१, असा त्याचा प्रश्न आहे. दुकानदार म्हणतो हलकं घे, कमरेला जाणवणार नाही. (ऐरोली)

दुकानदार अर्धं खरं बोलतोय. ३४० पीडी कमरेला जाणवत नाही, हाताला जाणवतं.

स्कँडियम मिश्रधातूची बॉडी आणि टायटॅनियमचं सिलिंडर असलेलं हे रिव्हॉल्वर रिकामं असताना साधारण ३४० ग्रॅम भरतं. सव्वादोन इंची नळीचं स्टीलचं एसपी-१०१ जवळपास ७४० ग्रॅमचं. दोन्हींत पाचच काडतुसं. काडतूस तेच असेल तर हत्याराला मागे ढकलणारा संवेगही तोच, पण धक्क्याची ऊर्जा वजनाच्या व्यस्त प्रमाणात जाते. ८.१ ग्रॅमच्या गोळीचं मॅग्नम काडतूस धरून आम्ही हिशेब मांडला : एसपी-१०१ मध्ये सुमारे १२ जूल, ३४० पीडीमध्ये सुमारे २६. पहिल्या फैरीला तळहाताला चटका बसतो. दुसऱ्या फैरीआधी पकड सैल झालेली असते आणि तिसऱ्याला डोळे आपोआप मिटतात. डोळे मिटले की बोअर काय आहे याला अर्थ उरत नाही.

फार हलक्या मॅग्नमचा एक दोष विकत घेताना कुणी सांगत नाही. रिव्हॉल्वर झटक्यात मागे जातं, तशी सिलिंडरमधली न उडालेली काडतुसंही पुंगळीसकट मागे जातात. गोळी मात्र जडत्वाने जागच्या जागी राहू बघते. गोळी पुंगळीत नीट आवळलेली नसेल तर प्रत्येक फैरीला केसभर पुढे सरकते. शेवटी तिचं टोक सिलिंडरच्या पुढे डोकावतं, नळीच्या मागच्या कडेला अडतं आणि सिलिंडर फिरायचं थांबतं. ऐन वेळी हे झालं तर हातात फक्त लोखंडाचा तुकडा. ३४० पीडीच्या नळीवरच १२० ग्रेनपेक्षा, म्हणजे ७.८ ग्रॅमपेक्षा, हलकी गोळी मॅग्नममध्ये वापरू नका असं कोरलेलं असतं, ते वाचायला सांगा. उघड्या शिशाच्या गोळ्याही टाळाव्यात. तांब्याचं वेष्टण असलेली गोळी आवळून बसते.

तपासायची रीत सोपी आहे. रेंजवर चार फैरी झाडायच्या, पाचवं काडतूस न उडवता बाहेर काढायचं आणि नव्याशेजारी टेबलावर उभं करायचं. लांबी वाढलेली दिसली तर ते काडतूस त्या रिव्हॉल्वरसाठी बाद.

आता नळी. मॅग्नमची दारू सावकाश जळणारी. तिला गोळी ढकलायला नळीची लांबी हवी. ८.१ ग्रॅमची गोळी चार इंची नळीतून सेकंदाला साधारण ४४० मीटरने जाते, दोन इंचीतून ३६५ च्या आसपास. उरलेली दारू नळीबाहेर जळते. त्यातून होतो तो भडका आणि आवाज. बंद दुकानात, अंधारात एक फैर झाडली की काही क्षण समोरचं दिसत नाही आणि कानांत शीळ घुमत राहते. म्हणजे मॅग्नमचे पैसे मोजायचे, धक्का सोसायचा आणि वेगाचा मोठा वाटा हवेत घालवायचा.

आमचं मत : एसपी-१०१ घ्यावं आणि रोजच्या वापराला त्यात .३८ स्पेशल प्लस-पी (साध्या .३८ स्पेशलपेक्षा थोड्या जास्त दाबाची काडतुसं) भरावीत. .३५७ च्या घरात .३८ स्पेशल चालतं. मॅग्नमची पुंगळी त्याच्यापेक्षा तीनएक मिलिमीटरनेच लांब आहे. (उलटं करू नये आणि सहसा होतही नाही, ती लांबी मुद्दाम एवढ्यासाठीच वाढवली. .३५७ चा कमाल दाब ३५,००० पीएसआय, साध्या .३८ स्पेशलचा १७,०००.) फक्त .३८ खूप झाडल्यावर घरांत काजळीचं कडं धरतं आणि लांब मॅग्नम अडकतं. ब्राँझच्या ब्रशने घासलं की जातं.

पुंगळ्या काढण्याचीही सवय करायला हवी. आखूड नळीखाली इजेक्टरचा दांडाही आखूड असतो, तो ३३ मिमीच्या पुंगळ्या पूर्ण बाहेर ढकलत नाही. नळी सरळ आभाळाकडे करून दांड्यावर तळव्याने एकच जोरात थाप मारायची. हळूहळू दाबलं की एखादी पुंगळी इजेक्टरच्या चांदणीखाली जाऊन बसते आणि मग ती नखाने उकरत बसावं लागतं.

ट्रिगर फार जड वाटतो. स्प्रिंग बदलून हलका करून घ्यावा का? (कोपरखैरणे)

नको. हॅमरची स्प्रिंग नरम केली की काडतुसाच्या कॅपवर ठोका हलका पडतो आणि पाचातलं एखादं फुसकं जातं. खिशातल्या रिव्हॉल्वरला सहसा वेगळी सेफ्टी नसते. जड ट्रिगर हीच त्याची सेफ्टी. रिकाम्या रिव्हॉल्वरने रोज वीस-पंचवीस वेळा सावकाश, न थांबता ट्रिगर ओढा. महिन्याभरात बोट तयार होतं. काडतुसं त्या वेळी दुसऱ्या खोलीत असावीत. .२२ रिमफायरमध्ये (यात ठोका काडतुसाच्या मधोमध नाही, बुडाच्या कडेवर पडतो) मात्र हा सराव रिकाम्या घरावर करू नका. फायरिंग पिन घराच्या कडेवर आपटून कड दबते.

जुनं .३२ रिव्हॉल्वर एका परवानाधारकाकडून घेण्याचं बोलणं चालू आहे. बघताना नक्की काय बघायचं? (वाशी)

शस्त्रविक्रेत्याच्या दुकानातच बघा, आणि हातात आल्यावर पहिलं काम म्हणजे उघडून सगळी घरं रिकामी असल्याची खात्री. समोरच्याने ‘रिकामं आहे हो’ म्हटलं तरी.

मग हॅमर अंगठ्याने अगदी सावकाश मागे ओढा आणि दुसऱ्या हाताचं बोट सिलिंडरवर हलकं टेकवून ठेवा. हॅमर पूर्ण मागे जायच्या आधी सिलिंडर ‘टक्’ करून जागेवर बसलं पाहिजे. बोटाच्या एवढ्याशा भाराने ते अलीकडेच राहिलं तर टायमिंग गेलं आहे : गोळी नळीच्या मध्यावर न जाता कडेला घासून जाईल आणि शिशाच्या चिरोट्या बाजूने उडतील. हे प्रत्येक घरासाठी करा. सहापैकी एकच बिघडलेलं असतं असंही होतं.

पुढे ट्रिगर दाबून धरलेला असताना सिलिंडर पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे हलवा. डावी-उजवीकडे किंचित खेळ चालतो. पुढे-मागे स्पष्ट हललं तर सिलिंडर ज्यावर फिरतं तो दांडा झिजला आहे.

सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट फीलर गेजने मोजा. गॅरेजवाला प्लगच्या गॅपला वापरतो तोच. ०.१ ते ०.२ मिमी चांगली. ०.०५ असेल तर चार फैरींनंतर काजळीने सिलिंडर जड होतं; ०.३ च्या वर गेली तर गरम वायू बाजूने फवारतो आणि गोळीचा जोर कमी होतो. मोजताना सिलिंडर मागे ढकलून एकदा आणि पुढे ढकलून एकदा असं दोनदा मोजा, नाहीतर आकडा फसवा येतो.

शेवटी टॉर्च लावून नळीच्या मागच्या टोकाला केसासारखी चीर आहे का ते बघा. चीर दिसली की बोलणं तिथेच थांबवा. नळीत गंजाचे खड्डे असले तर भाव पाडा.

घड्याळासारखं देखणं पॉलिश केलेलं जुनं रिव्हॉल्वर दिसलं तर जरा संशय धरा. पॉलिशखाली गंजाचे खड्डे घासून काढलेले असतात आणि त्याबरोबर नंबरही पुसट होतो. नंबर परवान्याशी अक्षरन् अक्षर जुळला नाही तर व्यवहार पुढे जाणार नाही.

परवाना आहे म्हणजे कमरेला उघडं लावून फिरलं तर चालतं ना? लोकांना दिसलं की धाक राहतो. (कोलशेत, ठाणे)

नाही चालत. शस्त्र नियम २०१६ मधल्या ३२ व्या नियमाप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी रिव्हॉल्वर होल्स्टरमध्ये किंवा त्यासाठीच्या पाऊचमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात असलं पाहिजे. अमेरिकेतल्या काही राज्यांत ज्याला ‘कन्सील्ड कॅरी’ असं खास नाव देऊन वेगळा परवाना मागतात, ते झाकून बाळगणं आपल्याकडे नियमच आहे. शर्ट खोचून वर पट्ट्याला होल्स्टर लावणाऱ्यांनी हे वाचावं.

होल्स्टर कसं असावं? ट्रिगरभोवतीचं कडं पूर्ण झाकणारं, आणि रिव्हॉल्वर काढल्यावर तोंड मिटून न जाणारं. मऊ कापडी पाऊच दिसायला बरं, पण दुमडलेली कड परत घालताना ट्रिगरमध्ये शिरते. दोन इंची रिव्हॉल्वर पँटच्या आत, उजव्या कुल्ह्याच्या किंचित मागे चांगलं बसतं. गाडी चालवताना मात्र सीटबेल्टच्या बकलशी भांडतं, त्यामुळे घरीच रिकाम्या रिव्हॉल्वरने बसून बघा. पट्टा जाड हवा. ऑफिसचा पातळ पट्टा वजनाने खाली लोंबतो आणि शर्टाखाली मूठ दिसायला लागते. खिशात ठेवणार असाल तर त्या खिशात दुसरं काही नको : किल्ली नाही, नाणी नाहीत, तंबाखूची पुडी तर नाहीच.

मॉलमध्ये दारावर अडवतील. हत्यार स्कूटरच्या डिकीत ठेवून आत जायचा मोह होतो. तो टाळा, त्या दिवशी ते घरच्या तिजोरीत राहू दे.

आणि आपला पाऊस. जून ते सप्टेंबर घोडबंदर रोडला दुचाकीवरून जाणाऱ्याच्या कमरेला घाम आणि पाणी दोन्ही असतं. चामडं ते शोषून घेतं आणि रात्रभर धातूला लावून ठेवतं. निळ्या पॉलिशच्या रिव्हॉल्वरवर सकाळी मुठीच्या वरच्या बाजूला लालसर डाग दिसतो, तो यामुळेच. रात्री होल्स्टरमधून काढा, कोरड्या फडक्याने पुसा, तेलाचं बोट फिरवा आणि होल्स्टर वेगळं सुकू द्या. तेल जास्त नको. ते घरांत उतरून काडतुसाच्या कॅपपर्यंत गेलं की काडतूस फुसकं होतं. कमरेला वागवलेली काडतुसं पावसाळा संपला की सरावाला संपवा आणि नवीन भरा.

देशी रिव्हॉल्वरांपैकी झाकून बाळगायला कुठलं बरं? (डोंबिवली)

वजनाचा मुद्दा इथेही तोच, फक्त .३२ चा धक्का सौम्य असल्याने हलकं रिव्हॉल्वर चालून जातं. कानपूरचं ‘निर्भीक’ २०१४ मध्ये आलं, साधारण ५०० ग्रॅमचं. ‘प्रबल’ २०२३ चं. काडतुसांशिवाय ७०० ग्रॅम, नळी ७६ मिमी, एकूण लांबी १७७.६ मिमी, आणि सिलिंडर बाजूला उघडतं. जुन्या देशी मार्क थ्री रिव्हॉल्वरसारखं ते मधोमध मोडत नाही. रोज बाळगायचं असेल तर निर्भीक, नियमित सराव करणार असाल तर प्रबल. दुकानात दोन्ही हातांत घेऊन बघा : मूठ धरल्यावर करंगळीला जागा उरते का, आणि ट्रिगरवर बोटाचं पहिलं पेर नीट बसतं का.

पुतण्याच्या हळदीला हवेत दोन बार काढले तर? परवान्याचं हत्यार आहे. (घणसोली)

दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीपासून. परवानाही जाऊ शकतो. फटाके आणा.

निवडणुकीत हत्यार जमा करा अशी नोटीस आली. जमा करताना काय काळजी घ्यावी? (पनवेल)

पोलिस ठाण्यात जायच्या आधी घरीच काडतुसं काढा, रिव्हॉल्वर साफ करून नेहमीपेक्षा थोडं जास्त तेल लावा. मालखान्यात ते काही आठवडे पडून राहणार. होल्स्टर देऊ नका, सुती कापडात गुंडाळून द्या. मूळ परवाना बरोबर न्या. पावतीवर हत्याराचा नंबर, बोअर आणि काडतुसं दिली असतील तर त्यांची संख्या तिथेच उभं राहून ताडून घ्या, आणि परत घेताना आधी नंबर बघा, मग नळीत डोकावा.