‘गुरांचा डॉक्टर’ म्हणायला लाज कसली?

भांडुपच्या ताई,

आपल्या मुलाला बारावीनंतर पशुवैद्यक होऊन जखमी लष्करी श्वानांना विमानाने रुग्णालयात हलवणाऱ्या पथकात काम करायचे आहे, असे आपण कळवले आहे. त्याच्या गुणांची मला चिंता नाही. चिंता आहे ती आपल्या अटीची. ‘गुरांचा डॉक्टर म्हणून नातेवाइकांत सांगायला लाज वाटते, पण गणवेश आणि विमान असेल तर आमची हरकत नाही,’ हे आपण त्याच्यासमोरही बोलला असाल, तर या व्यवसायाकडे पाहून नाक मुरडायला आपणच त्याला शिकवले आहे. साडेपाच वर्षांच्या अभ्यासक्रमात त्याला गोठ्यात, शेणामुतात उभे राहावेच लागेल, आणि पुढे लष्कराच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोरमध्ये, म्हणजे पशुवैद्यकीय दलात, गेला तरी श्वानांबरोबर घोडे आणि खेचरेही त्याच्या वाट्याला येतील.

विमानाबद्दलचा समजही दूर करायला हवा. फक्त जखमी श्वानांना हलवणारा पशुवैद्यक, असे वेगळे पद गृहीत धरून करिअर आखू नये. अमेरिकी सैन्यातही जखमी श्वान हा सैनिकांना नेणाऱ्या विमानातूनच, आपल्या हँडलरसोबत, म्हणजे त्याला सांभाळणाऱ्या सैनिकासोबत, जातो. पशुवैद्यकाचे कसब पणाला लागते ते उड्डाणाआधी, जमिनीवर. केबिनमधला दाब 8,000 फूट उंचीवरच्या हवेइतका उतरला, की शरीरात अडकलेली हवा सुमारे एक तृतीयांशाने फुगते. त्यामुळे गोळी लागून फुप्फुसाभोवती हवा साचलेल्या श्वानाची ती हवा आधी काढली नाही, तर तो प्रवासच त्याच्या जिवावर उठतो. वेदनेने कळवळणारा श्वान हँडलरलाही चावतो म्हणून मुसकी हवी, पण धाप लागलेल्या किंवा उलट्या होणाऱ्या श्वानाला ती बांधणे धोक्याचे असते, आणि हा निर्णय क्षणात घ्यावा लागतो.

2022 साली अनंतनागच्या चकमकीत दोन गोळ्या लागलेल्या ‘झूम’ या लष्करी श्वानावर श्रीनगरच्या लष्करी पशुरुग्णालयात उपचार झाले, 13 ऑक्टोबरला तो गेला. त्याला वाचवण्यासाठी झटलेल्या डॉक्टरांकडे हीच पदवी होती, जिची आपल्याला लाज वाटते.

मार्ग सरळ आहे: ‘नीट’ प्रवेश परीक्षा, परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा राज्यातले दुसरे, आणि पदवीनंतर एसएसबीची, म्हणजे लष्करी अधिकारी निवडणाऱ्या मंडळाची, मुलाखत.

अर्ज भरण्याआधी आपली अट मागे घेतल्याचे मुलाला स्पष्ट शब्दांत सांगा. मग त्याला परळच्याच बाई साकराबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालयात घेऊन जा, आणि ते सारे पाहून तो काय म्हणतो ते ऐकताना लष्कराचा विषय आपण होऊन काढू नका.