भात सोडला, नारळ तसाच राहिला

प्रश्न : वय ४२, उंची १५५ सें.मी., वजन ७० किलो. दीड महिना भात पूर्ण बंद ठेवला. पहिल्या दोन आठवड्यांत अडीच किलो उतरले, पुढे काटा हललाच नाही. चतुर्थीला भात सुरू केला आणि आठ दिवसांत दोन किलो परत आले. भाताऐवजी वाटीभर हुमण (नारळाच्या वाटणाची माशांची आमटी), तळलेला बांगडा आणि संध्याकाळी पोई (कोंड्याचा गोवेकरी पाव) असं चालू होतं. भात कायमचा सोडावा का? (एक वाचिका, डिचोली)

उत्तर : मुळीच सोडू नका. भात-पोळीतल्या पिष्टाचा काही साठा यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून राहतो. त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी असतं. भात बंद झाला की साठा आटतो, पाणी निघून जातं. भात आला की तेही परत येतं. तुमचे गेलेले आणि आलेले किलो बहुतांश हेच. चरबी फारशी हलली नाही, कारण भाताची जागा हुमणाने आणि तळणीने भरली.

शिजलेल्या १०० ग्रॅम भातात सुमारे १३० कॅलरी, ओल्या खोबऱ्याच्या १०० ग्रॅममध्ये ३५०, आणि तेलाच्या एका मोठ्या चमच्यात १२०. भातावर सगळ्यांची नजर असते, वाटणातलं खोबरं मात्र कोणी मोजत नाही.

तेव्हा खवलेला नारळ मिक्सरात टाकण्याआधी काट्यावर ठेवा. माणशी दिवसाला ३० ग्रॅम पुरे, म्हणजे चौघांना १२०. हुमण पाणचट होईल ही भीती रास्त आहे. त्यासाठी वाटणात चमचाभर भिजवलेले तांदूळ आणि एक लहान कांदा घाला, आणि आमसूल एक कमी टाका, कारण खोबरं कमी झालं की आंबटपणा पुढे येतो. नारळाच्या रसाच्या सोलकढीऐवजी फुटी कढी, म्हणजे नारळाशिवायची आमसुलाची कढी, घ्या.

बांगडा पुसून कोरडा करा. रव्याचा जाड थर नको, तांदळाच्या पिठाचा नुसता हात फिरवा. तवा चांगला तापल्यावर दोन छोटे चमचे तेल घालून प्रत्येक बाजू तीन-चार मिनिटं भाजा. तवा थंड असेल तर मासा चिकटतो, मग आपण वरून आणखी तेल सोडतो आणि ते सगळं पिठात मुरतं. तेलाच्या बाटलीवर फोडल्याची तारीख लिहून ठेवा, महिन्याचा खरा खप कळेल.

दुपारी आणि रात्री प्रत्येकी कच्चे ५० ग्रॅम तांदूळ घ्या, उकडे असोत की सुरय (न उकडलेले). उकड्याने रक्तातली साखर थोडी सावकाश वाढते, पण कॅलरी जवळपास तेवढ्याच. सकाळी ३० ग्रॅम तांदळाची पेज पोटाला चांगला आधार देते. पोईत कोंडा असला तरी ती पावच आहे. रात्री पोई खाल्ली तर भात नको.

तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) २९ आहे आणि भारतीयांसाठी २५ पासून पुढे लठ्ठपणा धरतात. पहिलं लक्ष्य साडेतीन किलो ठेवा, त्याला तीन महिने द्या. रोज सकाळी शौचानंतर वजन करून आठवड्याची सरासरी पाहा. पाळीच्या आसपास किलोभर वाढलं तर ते पाणी असतं. कंबर ८० सें.मी.च्या खाली आणायची आहे, तीही मोजत जा. खूप थकवा आणि बद्धकोष्ठता असेल तर थायरॉईडची तपासणी करून घ्या.

प्रश्न : रोज तासभर चालतो, रात्री दोन पेग काजूची फेणी घेतो. फळाचीच असल्याने चालेल ना? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : बोंडूच्या (काजूच्या फळाच्या) रसातली साखर आंबवताना मद्य झालेली असते, फळ उरत नाही. ६० मि.लि. फेणीत सुमारे १४० कॅलरी, दोन पेगांत २८०. तासभराच्या चालण्याने साधारण तेवढ्याच खर्च होतात. त्यात गोड लिंबूसोडा आणि चखण्याला तळलेली सुंगटं (कोळंबी) आली की हिशेब उलटतो. शिवाय मद्य शरीरात आधी जळतं, तोवर चरबी थांबून राहते. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर उपाशीपोटी फेणी अजिबात नको, मध्यरात्री साखर धोकादायक खाली जाऊ शकते.