वाचकांचे प्रश्न : सरलेले वर्ष आणि आईची वही

वर्ष संपत आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर पालटतो. एरवी ‘आता काय करू’ असे विचारणारे आई-वडील या दिवसांत ‘जे झाले ते ठीक झाले का’ असे विचारू लागतात. या अंकासाठी अशी तीन पत्रे निवडली असून पहिल्याचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण त्यातला पेच थोड्याफार फरकाने आलेल्या बहुतेक पत्रांत होता.

प्रश्न : मला 15 वर्षांची मुलगी आणि 9 वर्षांचा मुलगा आहे. वर्षअखेरीस घरात काय काय घडले ते वहीत लिहून काढण्याची मला सवय आहे. यंदा लिहायला बसले आणि पानावर केवळ भांडणेच उतरली. मुलीने आपटलेली दारे, मोबाइलवरून झालेले वाद, सासूबाईंच्या आजारपणात मुलांवर निघालेला राग, मुलाची शाळेतून आलेली तक्रार. यजमानांना ते पान वाचून दाखवले, तर ते म्हणाले, ‘हे आपल्याच घरातले आहे का? मला तर वर्ष चांगले गेल्यासारखे वाटते.’ कोणाचे खरे मानायचे? शिवाय मुलगी बराचसा वेळ तिच्या खोलीतच असते. या वर्षात ती आमच्यापासून दुरावली, असे मला वाटते. ते बरोबर आहे का?

उत्तर : तुमचे पान खोटे नाही आणि यजमानांचे म्हणणेही खोटे नाही. दोघांनीही आपापल्या आठवणीत उरलेले वर्ष सांगितले आहे आणि आठवणीत काय उरावे, हे आपल्या इच्छेवर फारसे अवलंबून नसते. रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये मानसशास्त्रातील अनेक संशोधनांचा आढावा घेऊन असे मांडले की, वाईट अनुभवाचा परिणाम तशाच चांगल्या अनुभवापेक्षा अधिक खोलवर होतो. त्यात भर म्हणजे रोज घडणाऱ्या गोष्टी एकमेकींत मिसळून जातात. मुलाला तुम्ही रोज रात्री गोष्ट वाचून दाखवली असेल, तर त्या सगळ्या रात्रींची मिळून एकच आठवण उरते. ज्या रात्री तुम्ही त्याच्यावर ओरडलात, ती रात्र मात्र वेगळी लक्षात राहते. वहीत लिहिताना दोन्हींना एकेक ओळ मिळते, आणि वाचणाऱ्याला वाटते की जितके वाचन झाले तितकेच ओरडणेही झाले.

शेवटाचा प्रभावही असतो. डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 1993 मधला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यात लोकांना एकदा 14 अंश सेल्सिअसच्या थंड पाण्यात 60 सेकंद हात बुडवायला सांगितले. दुसऱ्या वेळी तेच 60 सेकंद आणि त्यापुढे आणखी 30 सेकंद हात पाण्यात ठेवायला सांगितले. या जादा वेळात पाणी किंचित कोमट होत 15 अंशांपर्यंत आणले होते. पुन्हा करायचे झाल्यास कोणते कराल, असे विचारल्यावर बहुतेकांनी दुसरा, म्हणजे जास्त वेळ त्रास देणारा प्रकार निवडला, कारण त्याचा शेवट सुसह्य होता. पाण्यात बुडवलेल्या हातावरून अख्ख्या वर्षाविषयी निष्कर्ष काढणे धाडसाचे आहे, हे मला मान्य आहे. तरीही शाळेची तक्रार नुकतीच येऊन गेलेली असताना तुम्ही वही उघडली असेल, तर मागच्या सगळ्या महिन्यांवर तिची छाया पडणे स्वाभाविक आहे.

आता त्या पानाविषयी, कारण माझ्या मते खरी अडचण तिथे आहे. तुमची प्रत्येक नोंद भांडण जिथे टोकाला गेले तिथे थांबते. मुलीने दार आपटले, एवढे कळते. ते उघडले केव्हा, बाहेर आल्यावर पहिले वाक्य कोण बोलले आणि ते कशाविषयी होते, हे कुठेच नाही. वास्तविक घर कसे चालले आहे हे समजून घ्यायला नोंदीचा हा दुसरा भाग अधिक उपयोगी पडतो. एड ट्रॉनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने तान्ही बाळे आणि त्यांच्या आया यांच्या समोरासमोरच्या वागण्याचे अनेक वर्षे बारकाईने निरीक्षण केले. निरोगी, प्रेमळ जोड्यांमध्येही बराचसा काळ दोघांचा सूर जुळलेला नसतो, असे त्यांना आढळले. बाळाला आधार मिळतो तो सूर तुटल्यावर पुन्हा जुळण्याच्या अनुभवातून. त्याआधी 1953 मध्ये डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने असे मांडले होते की, मुलाला निर्दोष आईची गरज नसते, पुरेशी चांगली आई त्याला पुरते, आणि तिच्याकडून हळूहळू होणारी थोडी निराशा पचवतच मूल वाढते. ही निरीक्षणे तान्ह्या बाळांविषयीची असली, तरी किशोरवयीन मुलांच्या घरांतही मला हेच दिसत आले आहे. तेव्हा वही फाडू नका. प्रत्येक नोंदीखाली ‘त्यानंतर काय झाले’ एवढे लिहा. काही ठिकाणी काहीच आठवणार नाही, काही ठिकाणी असे लक्षात येईल की त्या विषयावर पुन्हा कोणी बोललेच नाही. या दुसऱ्या प्रकारच्या नोंदी मात्र नीट पाहा. वर्षभरात वाद किती झाले, याची मोजदाद तुम्ही एक वेळ सोडून दिली तरी चालेल, पण जे वाद अर्धवट राहिले त्यांची यादी तुमच्याजवळ असायला हवी.

मुलीच्या खोलीविषयी. रीड लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 10 ते 18 या वयातील मुले जागेपणीचा वेळ कसा घालवतात, हे पाहिले. कुटुंबासोबत जाणारा वेळ या आठ वर्षांत 35 टक्क्यांवरून 14 टक्क्यांवर आला. मात्र आईशी किंवा वडिलांशी एकटे असताना जाणारा वेळ, तसेच कौटुंबिक विषयांवरचे बोलणे यांत तशी घट झाली नाही. हा अभ्यास अमेरिकेतील उपनगरांतल्या मुलांचा होता, त्यामुळे आकडे सर्वत्र जसेच्या तसे लागू होतील असे नाही. पण सगळे एकत्र बसतात तिथून मुले आधी उठतात आणि एकेकट्याशी असलेले नाते बरेच पुढेपर्यंत टिकते, हे समजून घेण्याजोगे आहे. ती सगळ्यांत बसत नाही, हे तुम्ही पाहिले आहे. गेल्या वर्षात ती तुमच्याशी एकटीशी कधी बोलली, कुठे बोलली, हे आठवून पाहा. बहुधा असे बोलणे समोरासमोर बसून झालेले नसते. वाहनात शेजारी बसल्यावर, दिवा मालवल्यानंतर, तुमचे हात कामात असताना झालेले असते. तसे एकही बोलणे आठवले नाही, तर तुमची काळजी रास्त आहे आणि तिने तसे बोलावे यासाठी मोकळा वेळ निर्माण करायला हवा. तिची झोप, भूक, मैत्रिणी, शाळा यांतही मोठा बदल दिसत असेल, तर तज्ज्ञांना भेटण्यात वेळ दवडू नका.

पुढच्या वेळी आठवायची पद्धतही बदलून पाहा. विलेम वाखेनार या डच मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्या आयुष्यातील प्रसंग वर्षानुवर्षे टिपून ठेवले आणि नंतर स्वतःचीच परीक्षा घेतली. प्रसंग आठवण्यासाठी कोण, काय आणि कुठे हे दुवे कामी आले. केव्हा हा दुवा सर्वांत कुचकामी ठरला. त्यांचा हा अभ्यास 1986 मध्ये प्रसिद्ध झाला. आपण मात्र वर्ष आठवताना नेमके महिन्यांच्या क्रमाने जातो आणि मग ठळक तेवढेच हाती लागते. त्याऐवजी एकेका माणसाचे नाव लिहा, घरातल्या एकेका जागेचे नाव लिहा आणि त्याखाली जे येईल ते येऊ द्या.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे काम एकट्याने करू नका. समुपदेशनासाठी आलेल्या एका कुटुंबातील वडील घर बदलण्याच्या त्या वर्षाविषयी बोलताना अक्षरशः कपाळाला हात लावत होते. सामान महिनोन्‌महिने खोक्यांत पडलेले, कामे रखडलेली, पैशांची ओढाताण. त्यांचा आठ वर्षांचा मुलगा शेजारी बसून ऐकत होता. त्याला त्या वर्षाविषयी विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘तेव्हा आपण सगळे एकाच खोलीत झोपायचो.’ वडिलांनी लगेच, ‘अरे, कारण दुसऱ्या खोलीत जागाच नव्हती,’ असे म्हणून त्याचे वाक्य दुरुस्त केले. मुलगा पुढे काही बोलला नाही. तुमच्या दोन्ही मुलांना वेगवेगळे गाठून विचारा की, यंदाचे त्यांना काय आठवते. सांगतील ते ऐका, त्यातला क्रम, कारणे, तपशील दुरुस्त करू नका. मुलांचे वर्ष तुमच्या वहीतल्या वर्षाहून बरेच निराळे निघेल. ते अधिक गोड निघेल असे मी म्हणत नाही. तुम्हाला क्षुल्लक वाटलेला एखादा प्रसंग त्यांना लागलेला असू शकतो. पण दुरुस्त करण्याजोगे जे काही आहे, ते अशाच बोलण्यातून कळते.

यजमानांना एक निरोप द्यावा. वर्ष चांगले गेले असे ज्याला वाटते, त्याच्या वाट्याला त्या वर्षातील कोणकोणती कामे आली होती, हेही पाहावे लागते. आजारी माणसाची रात्रीची औषधे कोण देत होते, शाळेतून आलेला फोन कोण घेत होते, मोबाइल ठेवायला कोण सांगत होते? ज्याला नकार द्यावा लागतो, त्याच्याच वाट्याला भांडणे येतात. हे काम थोडे वाटून घेतले, तर तुमच्या दोघांच्या वह्या आपोआप एकमेकींच्या जवळ येतील.

प्रश्न : माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. वर्षभरात त्याचे हजारो फोटो आणि व्हिडिओ काढले. परवा कोणीतरी म्हणाले की, या वयातले त्याला पुढे काहीच आठवणार नाही. मग या वर्षाचा त्याच्यासाठी उपयोग काय?

उत्तर : बहुतेक मोठ्या माणसांची सर्वांत जुनी आठवण साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते, हे खरे आहे. पण प्रसंग विसरला म्हणून त्या काळात मूल जे शिकले ते पुसले जात नाही. भाषा, चालणे, हाक मारल्यावर कोण येते याची खात्री, हे सगळे त्याने याच काळात मिळवले आहे. फोटोंविषयी मात्र थोडा हात आखडता घ्यावा असे सुचवीन. लिंडा हेन्केल यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संग्रहालयातील प्रयोगात, ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले त्या वस्तू नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. मुलाला काय आठवेल याची चिंता तुम्ही करत आहात, पण तुम्हाला काय आठवणार आहे, हाही प्रश्न आहे. हजारोंतून मोजके फोटो निवडा आणि त्याच्यासोबत ते पाहताना ‘हे काय आहे’ असे विचारण्याऐवजी ‘मग काय झालं’ असे विचारा. रॉबिन फायवुश, एलेन रीझ आदींच्या अभ्यासांत असे दिसले आहे की, ज्यांचे आई-वडील घडून गेलेल्या गोष्टींविषयी असे मोकळे प्रश्न विचारत, भर घालत बोलतात, ती मुले पुढे स्वतःचे अनुभव अधिक तपशिलाने सांगू शकतात.

प्रश्न : या वर्षी माझ्या पत्नीचे निधन झाले. मुलगी 12 वर्षांची आणि मुलगा 7 वर्षांचा आहे. नातेवाईक म्हणतात की, मागचे काढू नका, मुले सावरत आहेत. मलाही या वर्षाकडे वळून पाहवत नाही. पण मुलगी सारखे काही ना काही विचारते आणि तिला एक वही हवी आहे, त्यात तिला या वर्षाविषयी लिहायचे आहे. तिला थांबवू का?

उत्तर : थांबवू नका. तुम्हाला स्वतःला मागे पाहावेसे वाटत नसेल, तर त्याची घाई करण्याचे कारण नाही. जेम्स पेनेबेकर यांच्या 1986 मधील सुप्रसिद्ध प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज 15 मिनिटे आपल्या क्लेशदायक अनुभवाविषयी लिहिले. लिहिल्यानंतर लगेच त्यांना अधिक उदास वाटले, पुढच्या काही महिन्यांत मात्र आरोग्य केंद्राकडे त्यांच्या फेऱ्या कमी झाल्या. पण ते विद्यार्थी होते. नुकताच जोडीदार गेलेल्या माणसाने तसेच करावे, असा सल्ला मी त्यावरून देणार नाही.

मुलांची गोष्ट वेगळी आहे. मुलगी विचारते, याचा अर्थ ती तयार आहे. ती विचारील तेवढ्याच प्रश्नाचे खरे उत्तर द्या. डोळ्यांत पाणी आले तर येऊ द्या. धाकट्याला मृत्यूनंतर माणूस परत येत नाही हे कळू लागण्याचे हेच वय आहे, त्यामुळे तोच प्रश्न तो पुन्हा पुन्हा विचारील. आई झोपली आहे किंवा दूर गेली आहे असे त्याला सांगू नका. अशा उत्तरांनी मुलांना झोपेची आणि घरातून कोणी बाहेर जाण्याची भीती वाटू लागते. मुलांचे दुःख सलग नसते. रडून झाल्यावर तो दहा मिनिटांनी खेळायला पळाला, तर त्याला काही वाटत नाही असा अर्थ लावू नका आणि नातेवाइकांनाही लावू देऊ नका. याच वर्षात तो वाचायला शिकला असेल, त्याचा एखादा दात पडला असेल, मुलीला नवी मैत्रीण मिळाली असेल. त्याही गोष्टी घरात बोलल्या जाऊ द्या, कारण आईच्या मागे आनंद वाटला म्हणून मुले मनातल्या मनात अपराधी होतात आणि ते कोणाला सांगत नाहीत. झोप उडणे, शाळा टाळणे हे दीर्घकाळ चालू राहिले, तर बालमानसतज्ज्ञांची मदत घ्यावी. आईकडे जायचे आहे अशा अर्थाचे बोलणे ऐकू आले, तर त्याच दिवशी घ्यावी.

मुलीला वही आणून द्या. ती वाचायला मागू नका. तिने आपणहून पुढे केली तर वाचा, आणि त्यात तुमच्याविषयी काही कडू लिहिलेले असले तरी त्या दिवशी स्पष्टीकरण देऊ नका.