विरार लोकलमध्ये वाचायला अलीकडची, एकाच पुस्तकात संपणारी फँटसी कादंबरी कोणती?

सुझॅना क्लार्क यांची ‘पिरानेसी’ (2020) घ्या. अडीचशेच्या आसपास पानं, पुढचा भाग नाही. शिवाय सगळी कथा डायरीच्या नोंदींत आहे, त्यामुळे अंधेरीला गर्दी चढली तरी नोंद संपवून पुस्तक मिटता येतं. न संपणारी दालनं, हजारो पुतळे, खालच्या मजल्यावर भरती-ओहोटी आणि या सगळ्यावर मनापासून प्रेम करणारा नायक. फार सुंदर पुस्तक आहे! 2021 चा विमेन्स प्राइज, म्हणजे स्त्रियांनी इंग्रजीत लिहिलेल्या कादंबरीला मिळणारा पुरस्कार, याच कादंबरीला मिळाला.

बरेच जण सुरुवातीच्या पानांवर अडकतात, कारण नायक वर्षांना आकड्यांऐवजी घटनांची नावं देतो आणि दालनांची दिशा सांगत बसतो. नकाशा मनात बसवू नका, वाचत राहा. नोंदींच्या तारखा मात्र गाळू नका, रहस्याचा धागा त्यांतच आहे. मागच्या कव्हरचा मजकूर आणि परीक्षणंही आधी वाचू नका. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून प्रत घेतलीत तर पानं सलग आहेत का ते चाळून बघा.

मात्र लढाया, राजकारण हवं असेल तर हे पुस्तक संथ वाटेल. मग ताशा सूरी यांचं ‘द जॅस्मिन थ्रोन’ (2021) घ्या. भारतीय वळणाचं साम्राज्य, कैदेतली राजकन्या, वनस्पतींशी जोडलेली जादू. फक्त हा तीन भागांच्या मालिकेतला पहिला भाग आहे, आणि ती मालिका पूर्ण झालेली आहे.